टोकावरची हाक

झाबेता: पाय उचल गं जरा. बंदर कुठं पळून चाललंय? चाळीस दिवस तू घरात होतीस म्हणून त्यातली एक होडी कमी झालेली नाही.

लेमोनिया: थांबा ना आई, एवढं बघू दे. भिंतींना चुना लावलेला दिसतोय सगळ्यांनी. आणि स्पंजवाला बसायचा तिथं आता जाळी वाळत घातलीयेत. तो गेला का?

झाबेता: गेला नाही, सरकला. सावलीत. बाळंतीण बाई पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडली की अशीच करते. मी तर तिथं दोरखंडाचा वास घेत उभी राहिले होते. सासू ओरडली. आता मी ओरडतेय. चल.

लेमोनिया: पण कंपनीचा एजंट तर म्हणाला, सिमोसचं जहाज दुपार टळल्यावर टोकाजवळून जाईल, थांबणार नाही. आत्ता कुठं पाव भाजून बाहेर आलेत.

झाबेता: टोक काय मागच्या गल्लीत आहे? तू ती वाट बघितलीस कधी? लग्न होऊन आलीस, दीड महिन्यात सिमोस बोटीवर गेला आणि तू ओकाऱ्या काढत बसलीस. बाकी या बेटाचं काय बघितलंस तू? माझी न्हाणी आणि माझं तोंड.

लेमोनिया: दोन्ही चांगली आहेत.

झाबेता: लाडीगोडी नको. मागं वळू नकोस, कातिना येतेय. ती बाळाचं कौतुक करेल आणि दृष्ट लागू नये म्हणून थुंकायचं विसरेल.

लेमोनिया: विसरत नसेल हो.

झाबेता: मुद्दाम विसरते. तिच्या मुलीला सिमोस हवा होता. दे त्याला इकडं. फ्तू, फ्तू, फ्तू. झालं. कसला माजोरडा राक्षस आहे बघ, थुंकलं तरी हसतो.

लेमोनिया: त्याला राक्षस म्हणू नका ना.

झाबेता: मग काय म्हणू? बाप्तिस्मा होईपर्यंत सगळी मुलं राक्षसच असतात. सिमोसला मी राक्षसच म्हणायची. नाव पडलं की म्हणू नावानं.

लेमोनिया: हं.

झाबेता: हं काय?

लेमोनिया: काही नाही. ते काखेत काय धरलंय तुम्ही? बाई गं. बैठकीतला आरसा? काळ्या फडक्यासकट?

झाबेता: हळू बोल. दोन कोळी बघायला लागले.

लेमोनिया: ते फडकं मी एकदा उचलायला गेले तर तुम्ही हातावर फटका मारला होता.

झाबेता: नुसता आपला चेहरा बघायला उचलत होतीस म्हणून मारला. माझा याकूमी बुडाला त्या दिवशी झाकलाय तो. आज कामासाठी काढायचा, त्याचा दोष नाही. चर्चच्या पपांना विचारून आलेय.

लेमोनिया: आरशाचं काय काम?

झाबेता: पिरेयसमध्ये काही शिकवत नाहीत वाटतं तुम्हाला. जहाज टोकाच्या पश्चिमेनं जातं. दुपारनंतर ऊन समोरून येतं. आरसा धरून थोडा हलवला की बोटीवरच्या माणसाचे डोळे दिपतात. चादरी सगळ्याच बायका हलवतात, लांबून सगळ्या चादरी सारख्या. चमकणारा आरसा एकच, माझा. आजीनं स्मिर्नाहून आणलेला. याकूमीच्या बोटीवरचे लोक म्हणायचे, याकूमी, तुझी बायको पेटली बघ.

लेमोनिया: आणि ते काय करायचे?

झाबेता: भोंग्याच्या दोरीला लोंबकळायचा. कप्तानाच्या शिव्या खायचा. चल, पायऱ्या आल्या. पोराला मी घेते, तू आरसा घे. नाही, आरसा मीच घेते. तू पोराला घे.

लेमोनिया: ही पवनचक्की फिरत नाही?

झाबेता: फिरवणारा ऑस्ट्रेलियात फिरतोय. बघ इथून बंदर. आता बघून घे मन भरून, पुढच्या वळणावर दिसेनासं होतं.

लेमोनिया: किती शांत दिसतं हो. आपली गच्ची ती का? निळ्या दाराच्या वर?

झाबेता: तीच. तुझे सगळे लंगोट वाळतायत. अख्खं गाव बघतंय.

लेमोनिया: माझे कुठले, तुमच्या राक्षसाचे. आई, या झुडपांचा वास बघा, हात लावला की चिकटतोच. आणि पाणी... खालचा खडक मोजता येईल इतकं स्वच्छ.

झाबेता: स्वच्छ असतं. तुमच्या पिरेयसचं पाणी बरं त्यापेक्षा, तेलकट. निदान कुणाला भुलवत नाही. ते फाटक नीट लाव मागून, तार गुंडाळ. शेळ्या शिरल्या तर स्तामाता आपल्या सात पिढ्या काढेल.

लेमोनिया: एक विचारू? तुम्ही किती वेळा आलात या वाटेनं?

झाबेता: तू रोज किती वेळा दार उघडतेस ते सांग, मग मी सांगते.

लेमोनिया: आणि ते गेल्यावर?

झाबेता: गेल्यावर नाही. कशाला यायचं? शेळ्या नाहीत माझ्या इकडं.

लेमोनिया: मग आज मला एकटीला पाठवायचं होतं. वाट सरळच आहे.

झाबेता: पाठवलं असतं. पण सिमोस माझाही पोरगा आहे. बस इथं, खरनूबाच्या झाडाखाली. दूध पाज त्याला. मी टोस्ट भिजवते. टाकीत पाणी आहे अजून, नशीब.

लेमोनिया: बसा तुम्हीपण. दमलात.

झाबेता: दमायला काय झालं. हे चीज खा. ऑलिव्ह सोडून टाक पाहिजे तर, आंबट आहेत. काल पपा घरी आले होते, ऐकलंस ना?

लेमोनिया: ऐकलं.

झाबेता: बाप्तिस्म्याचं विचारत होते. मी म्हटलं, सिमोस सुट्टीवर आला की. मग नाव विचारलं. मी तुझ्याकडं बघितलं. तू भांडी घासायला गेलीस. तेव्हा भांडी घासलेलीच होती.

लेमोनिया: आई, रागावणार नसाल तर बोलते.

झाबेता: रागावेन. बोल.

लेमोनिया: मला ते नाव नको आहे.

झाबेता: पहिला मुलगा. बापाच्या बापाचं नाव. इथं कुणी विचारतसुद्धा नाही गं हे.

लेमोनिया: माहितीय मला. आमच्याकडंही तसंच असतं. पण समुद्रानं ज्याला नेलं आणि परत दिलंच नाही, त्याचं नाव माझ्या बाळाला... मला वाटतं, समुद्राला ओळख पटेल. हसू नका.

झाबेता: हसत नाहीये.

लेमोनिया: सिमोस म्हणाला होता, एक फेरी. मग म्हणाला, आणखी एक. दीड महिना राहिले मी त्याच्याबरोबर, दीड महिना. त्याचा आवाज कसा होता ते आठवायला मला आता डोळे मिटून घ्यावे लागतात. बाबांची पिरेयसला बेकरी आहे. तो पीठ मळेल, अंगावर मैदा घेऊन दुपारी घरी येईल, घोरत पडेल. मला तेवढंच हवंय. आणि हा मोठा झाल्यावर यानंही तेच करावं. माझ्या बाबांचं नाव पांतेलिस. ते नाव कसं, म्हातारा होऊन पलंगावर मरणाऱ्या माणसाचं नाव आहे. मला तसलंच नाव पाहिजे.

झाबेता: झालं बोलून?

लेमोनिया: झालं. रागवा आता.

झाबेता: रागवायला बसले होते खरी.

लेमोनिया: आई...

झाबेता: थांब. मी कधी बोलत नाही याबद्दल, तर मधे तोडू नकोस. घरात एखादं नाव दिवसातून किती वेळा लागतं, तुला अजून कळायचंय. याकूमी, पाणी भर. याकूमी, चिखलाचे बूट बाहेर काढ. याकूमी, जेवायला ये, थंड होतंय. गच्चीवरून हाक मारली की बंदरातल्या सगळ्या माना वर व्हायच्या, एकटा तोच करायचा नाही, मुद्दाम. मग एक दिवस ते नाव बंद. थडगं नाही, जिथं बसून बोलावं. चर्चमध्ये मेलेल्यांची नावं वाचतात तेव्हा पपा वाचतात, घाईघाईत, मातिस आणि यान्निसच्या मधे. ते वाचणं असतं, हाक नसते.

लेमोनिया: मला हे माहीत नव्हतं.

झाबेता: कसं असणार? सिमोसचं लग्न ठरलं त्याच दिवशी मी ठरवलं होतं. मुलगा झाला की गच्चीवर जाईन आणि घसा फुटेपर्यंत हाक मारीन. कातिनाला ऐकू जाईल अशी. पलीकडच्या बेटाला ऐकू जाईल अशी. पण तू म्हणतेस तेही खोटं नाही. मीसुद्धा रात्री कधी कधी घाबरते त्या नावाला.

लेमोनिया: मग काय करू मी?

झाबेता: पांतेलिस ठेव. सिमोसला मी सांगेन की मीच म्हटलं. तुझ्या माथी येणार नाही. पपांनाही मीच सांगेन. आणि डोळे पूस, दूध नासेल. चल, ऊन कलायला लागलं.

लेमोनिया: तुम्ही मनापासून म्हणताय?

झाबेता: मनापासून नाही. पण म्हणतेय. चल.

लिनार्दोस: दीपगृहाकडं कोण येतंय ते? वहिनी? झाबेता वहिनी, तुम्ही?

झाबेता: नाही, तिचं भूत. दिवा बंद कर, दिवस आहे. ही माझी सून, लेमोनिया. आणि हा लिनार्दोस, दीपगृहावरचा. याकूमीचा दोस्त. याला बोलायला सांगितलं तर तासाला एक वाक्य बोलतो.

लिनार्दोस: नमस्कार, पोरी. बाळ का?

लेमोनिया: हो काका.

लिनार्दोस: फ्तू. छान आहे.

झाबेता: बघ, दोन वाक्यं झाली. जहाज गेलं नाही ना?

लिनार्दोस: दोन गेली. एक तेलाचं, एक तुर्की. काळी चिमणी अन् पिवळा पट्टा अजून नाही.

लेमोनिया: देवा, बरं झालं. आई, आरसा काढा.

झाबेता: ही गाठ सोड फडक्याची. माझी नखं गेली. हां, ओढ आता. हे काय?

लेमोनिया: आई...

झाबेता: धूळ आहे. पूस.

लेमोनिया: धूळ नाही. मागून गेलाय. सगळा पारा सुटलाय, हे बघा, काळे फोड आलेत.

झाबेता: डोक्याच्या रुमालानं पूस, जोरानं.

लेमोनिया: पुसतेय. बोटाला लागतंय, पापुद्रे निघतायत.

लिनार्दोस: खारी हवा, वहिनी. कापडानं ओल धरली. एवढी वर्षं उघडा ठेवून पुसला असता तर...

झाबेता: मी जपला होता त्याला. हात लावू दिला नाही कुणाला. स्वतःचं तोंड बघितलं नाही त्यात.

लेमोनिया: तिरका धरून बघू? अं हं. नुसता राखाडी उजेड पडतोय.

झाबेता: इकडं दे. कोपऱ्यात एवढंसं राहिलंय. डोळा दिसतोय एक. कुणाचा गं हा? शेवटचं बघितलं तेव्हा केस काळे होते माझे. असो. ठेव तो खाली. लिनार्दोस, तुझ्या दिव्यातला आरसा काढ.

लिनार्दोस: सरकारी आहे. स्क्रूनं बसवलाय.

झाबेता: मग दाढीचा दे.

लिनार्दोस: वहिनी, माझ्याकडं बघा. मी दाढी करतो असं वाटतं?

(लांबून भोंगा वाजतो. तीनदा, लांबलचक.)

लेमोनिया: आई.

झाबेता: हो.

लिनार्दोस: पिवळा पट्टा. तेच आहे. दुर्बीण घे, पोरी, या पायरीवर उभी राहा.

लेमोनिया: कुठं? मला नुसतं पाणीच... थांबा. सापडलं. केवढं जवळ वाटतंय. डेकवर माणसं आहेत. चार. नाही, पाच. कुठला तो? आई, मला ओळखू येत नाहीये. माझा नवरा मला ओळखू येत नाहीये.

झाबेता: डावा खांदा खाली असतो त्याचा. लहानपणी अंजिरावरून पडला होता.

लेमोनिया: खांदा... हा. हाच. दाढी वाढवलीय. टोपी काढली. टोपी हलवतोय. पण इकडं नाही बघत, वर गावाकडं बघतोय. आपल्याला शोधतोय तो. आपण त्याला दिसत नाही आहोत.

झाबेता: कशा दिसणार? माझे कपडे काळे, खडक काळा. काहीतरी पांढरं पाहिजे.

लेमोनिया: बाळाचं दुपटं. काका, बाळ धरा.

लिनार्दोस: मी?

झाबेता: धर रे, चावत नाही. मान सांभाळ. त्याच्या डोक्याखाली हात घाल, ते काय मासा आहे?

लेमोनिया: पण मग मी दुर्बिणीतून बघू की हे फडकवू? फडकवलं तर मला तो दिसणार नाही. बघत बसले तर त्याला आपण दिसणार नाही.

झाबेता: तू बघ. पुन्हा कधी बघायला मिळेल देवाला माहीत. फडकवायला मी आहे. दे इकडं. सिमो! इकडं! इकडं बघ रे!

लिनार्दोस: तिथून ऐकू जात नाही, वहिनी.

झाबेता: तुला नाही सांगत. सिमो!

लेमोनिया: वळला. आई, वळला तो. बघितलं त्यानं. दुसऱ्याच्या पाठीत मारतोय, बोट दाखवतोय. हलवत राहा, थांबू नका.

झाबेता: थांबतेय कुठं. सिमो, हा बघ रे! हा बघ, तुझा... तुझा मुलगा, सिमो! तुझा मुलगा!

लेमोनिया: हात असे करतोय. पाळण्यासारखे. हात जोडून पाळणा हलवतोय तो, विचारतोय. काका, बाळाला वर धरा. आणखी वर.

लिनार्दोस: भिजवलं यानं मला.

झाबेता: भिजू दे, वर धर.

लेमोनिया: खाली बसला. डेकवर खाली बसला तो, तोंड हातात धरून. उठवतायत त्याला. आता पुन्हा उभा आहे. माझ्याकडं बघतोय की बाळाकडं, कळत नाही हो. किती हळू जातंय जहाज, आणि किती भराभरा. आता त्याचा चेहरा नाही दिसत. दाढी दिसते नुसती. आता दाढीपण नाही.

लिनार्दोस: बेटाच्या आड जाईल आता.

लेमोनिया: गेला.

(पुन्हा भोंगा. एकदाच, आखूड.)

झाबेता: ऐकलंस? पहिले तीन कप्तानाचे. ते सगळ्या गावाचे असतात. हा चौथा त्याचा होता. दोरीला लोंबकळला असणार. आता शिव्या खात असेल.

लेमोनिया: बापासारखा.

झाबेता: बापासारखा. रड, रड मोकळी. इथं बंदर नाही, कुणी बघत नाही. मी तिकडं तोंड करून उभी राहते.

लेमोनिया: तुम्हीपण रडताय.

झाबेता: ऊन समोरून येतंय म्हणून. लिनार्दोस, अजून धरलंयस का त्याला तसाच वर? उतरव, हात भरून येतील. आणि हा आरसा तुझ्याकडंच ठेव. नको, समुद्रात टाक. नको, ठेव. चौकट चांगली आहे, काच घालून आण कुणाकडून.

लिनार्दोस: आणि फडकं?

झाबेता: फडकं मला दे. भांडी पुसायला होईल. लेमोनिया, निघायला हवं. उतारावर दगड सुटे आहेत, उजेड असेपर्यंत पवनचक्की गाठू. नाक पूस. दुपट्याला नको, ते त्याला गुंडाळायचंय.

लेमोनिया: आई, मघाशी हाक मारताना तुम्ही मधेच अडखळलात.

झाबेता: दम लागला होता.

लेमोनिया: दम नव्हता लागला. "तुझा" म्हणालात आणि थांबलात. ते तोंडात आलं होतं, ते गिळलंत.

झाबेता: मी शब्द दिलाय तुला. आणि खरनूबाखाली दिलेला शब्द टोकावर मोडायचा नसतो. झालं ते. चल.

लेमोनिया: चला. काका, आणा इकडं... नको, थांबा. आई, दगड सुटे आहेत म्हणालात, मी पडेन त्याला घेऊन. तुम्ही घेता का जरा याकूमीला?

झाबेता: काय म्हणालीस?

लेमोनिया: म्हटलं, याकूमीला घ्या. भिजलाय तो, थंडी वाजेल.

झाबेता: पुन्हा म्हण. वाऱ्यात ऐकू आलं नाही मला.

लिनार्दोस: वारा कुठाय, वहिनी?

झाबेता: तू गप्प बस रे. तू म्हण, पोरी.